बहिणीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, महाडीबीटीचा फॉर्म सायबर कॅफेतून भरून घ्यावा का?

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. त्यावरचा फॉर्म घरीच भरा. कॅफेवाले घाईत स्वतःचा मोबाईल नंबर टाकतात, मग पुढचा प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि पासवर्डसाठी त्यांच्या मागे फिरावं लागतं.

तुम्ही लिहिलंय की वडील अल्पभूधारक आहेत, प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या जागेवर झालाय आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. मग राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती निवडा. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या अशा मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्याआधी निम्मंच मिळायचं. विकास शुल्क, मेस, राहणं मात्र तुमच्याच खिशातून, तेव्हा तेवढी तजवीज ठेवा. काउंटरवर अख्खी फी मागितली तर भांडू नका, शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा आणि लेखी उत्तर मागा. बहुतेकदा सूर बदलतो.

तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, अधिवास दाखला, रेशनकार्ड आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर आत्ताच जमवा. दाखले गावच्या तालुक्यातून निघतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिथल्या सेतू केंद्रात खूप गर्दी असते.

आता खरी मेख. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. घरात दोन-तीन बँकांची खाती असतील तर बहिणीचं आधार नेमकं कुठल्या खात्याला सीड (जोडलेलं) आहे, हे बँकेत जाऊन विचारा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे पैसे शाळेत असताना काढलेल्या, बंद पडलेल्या खात्यापायी अडकले होते.

सबमिट केलं म्हणजे झालं असंही नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथेच महिनोन् महिने पडून राहू शकतो. कागद अस्पष्ट असला तर परत पाठवतात, त्यामुळे दर आठवड्याला स्टेटस बघा आणि स्कॉलरशिपच्या खिडकीवरच्या क्लार्कशी ओळख ठेवा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्जही वेगळा भरावा लागतो.

राहण्याच्या खर्चासाठी त्याच पोर्टलवर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याला अल्पभूधारकाचा दाखला लागेल. पुण्यातल्या विद्यार्थी सहाय्यक समिती या संस्थेच्या वसतिगृहांचीही चौकशी करा. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठीच ती आहेत, पण जागा लवकर भरतात.