बटण दाबायची फील्ड टेस्ट आईला जमत नाही, डोळ्यांच्या हालचालीवरून होते का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझी आई ७१ वर्षांची, काचबिंदू आहे, ड्रॉप्स चालू आहेत. फील्ड टेस्टला, म्हणजे बाजूचं किती दिसतं ते बघायच्या टेस्टला, बसली की टेक्निशियनचं सुरू, आजी मधल्या लाइटकडेच बघा, डोळा हलवू नका, मग ती घाबरून कसंही बटण दाबते. या वेळचा रिपोर्ट भरवशाचा नाही म्हणाले, तेव्हापासून मीच घाबरलेय. आता ऐकलं की बटण न दाबता नुसत्या डोळ्यांच्या हालचालीवरून पण ही टेस्ट होते, खरंय का, तीच करून घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खरंय ताई. पण आधी आईंना सांगा की त्यांचं काही चुकत नाहीये. बाजूला काही चमकलं की नजर तिकडे जाणारच, आणि ही टेस्ट नेमकं तेच रोखून धरायला लावते, हनुवटी स्टँडवर, एक डोळा झाकलेला, नजर मध्ये आणि टिपका दिसला की बटण. २४-२ म्हणतात त्या नेहमीच्या टेस्टमध्ये असे ५४ पॉइंट तपासतात. शिवाय एक गोष्ट पेशंटला आधी सांगायलाच हवी आणि ती बऱ्याचदा राहूनच जाते, की मशीन मुद्दाम लाइट इतका मंद करत नेतं की चांगल्या डोळ्यालाही बरेच टिपके दिसत नाहीत. पेशंटला वाटतं आपली नजर गेली, मग तो अंदाजाने बटण दाबत सुटतो आणि रिपोर्ट बिघडतो.

दुसऱ्या पद्धतीत समोर स्क्रीन आणि डोळे टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा असतो. टिपका आला आणि नजर तिकडे वळली म्हणजे दिसला, नाही वळली तर तीच जागा पुन्हा तपासायची, आणि नजर जिथे जाऊन थांबली तिथूनच पुढचा टिपका मोजायचा, म्हणून डोळा हलवू नका हा प्रश्नच उरत नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबराला हे लहान मुलांसाठी विकसित केलं, मूल आईच्या मांडीवर बसूनही टेस्ट होऊ शकते. काचबिंदूच्या पेशंटवर चेन्नईच्या शंकर नेत्रालयात रॉटरडॅमच्या संशोधकांसोबत काम झालंय. काचबिंदूत नजर टिपक्याकडे वळायला उशीरही होतो, त्यामुळे किती वेळ लागला हेही बघतात.

पण मोतीबिंदू पिकलेला असेल किंवा पापणी खाली उतरलेली असेल तर कॅमेऱ्याला बाहुली नीट सापडत नाही, आणि दोन वेगळ्या मशीनचे रिपोर्ट शेजारी ठेवून आजार वाढला की नाही ते ठरवता येत नाही. काचबिंदूत तर सगळं त्याच तुलनेवर चालतं. म्हणून माझं मत, आत्ता त्यासाठी धावपळ नको, आहे त्याच मशीनवर टेस्ट पुन्हा करा. सकाळची वेळ मागा, जवळच्या नंबरची लेन्स बरोबर लावलीय का ते विचारा, आणि आईंना सांगा की पापणी लवली तरी चालतं, दम लागला तर बटण दाबून धरलं की बऱ्याच मशीनवर टेस्ट थांबते. रिपोर्टच्या तळाशी छोट्या रेघांची पट्टी असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, वर गेलेल्या रेघा म्हणजे नजर भरकटली, खाली गेलेल्या म्हणजे पापणी लवली किंवा मशीनला डोळा सापडला नाही. दोन-तीनदा करूनही जमलंच नाही तर मात्र हालचालीवरची टेस्ट कुठे होते ते तुमच्या काचबिंदूच्या डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर डोळ्याचं प्रेशर आणि डोळ्याच्या नसेचा ओसीटी स्कॅन (नसेचा थर किती जाड आहे ते मोजणारा) यावर लक्ष ठेवता येतं. ड्रॉप्स मात्र एक दिवसही चुकवू नका.