एक्समध्ये मी पण

"चौथीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी असायचे हो, आता एक्स दिसला की वही मिटून बसतो." फोंड्यात समुपदेशन करताना हे गाऱ्हाणं इतक्या आयांकडून ऐकलंय की पुढचा प्रश्नही मला पाठ आहे: "दुसरी ट्यूशन लावू का?"

त्याआधी एक पाहा. आपल्याकडे गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत जातात. ओळखीचा भागाकार एकदम डिव्हिजन होतो. मग मूल उदाहरण वाचतच नाही. आकडे उचलतं नि जमेल ती क्रिया करून मोकळं होतं.

आठवीतला एक मुलगा असाच. दोन भेटी आम्ही वाड्यावरचा फुटबॉल आणि देवळातलं भजन, एवढ्यावरच काढल्या. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "वाड्यावर ३० मुलं. १८ फुटबॉलला, १५ भजनाला, ५ कशालाच नाहीत. दोन्हीकडे किती?"

त्याने सगळ्यांची बेरीज केली. "बाई, तुमचं गणित चुकलं. मुलं ३० आणि झाली ३८."

मी गप्प. (गप्प बसण्याचे पैसे घेते, असं आमच्या घरी म्हणतात.) त्याने पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली.

"थांबा हां. मी दोन्हीकडे जातो. म्हणजे मला दोनदा मोजलं!"

"आणखी कोणाला?"

"ते कुठं ठाऊक आहे?"

"मग ठाऊक नसलेल्यांना काय लिहायचं?"

तो हसला आणि स्वतःच्या हाताने एक्स लिहिला. ३८ − एक्स = ३०. आठ. मग न सांगता पडताळलं: फक्त फुटबॉल १०, फक्त भजन ७, दोन्ही ८, कशालाच नाही ५.

एक्स शिकवावा लागत नाही, त्याची गरज पडू द्यावी लागते, हे माझं जुनं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं. २(एक्स + ३) ला २एक्स + ३ लिहिण्याची त्याची खोडही अशीच गेली: दोन पिशव्या, प्रत्येकीत एक्स आंबे आणि प्रत्येकीतच वर तीन.

घरी उदाहरण आधी मुलाकडून आपल्या बोलीत गोष्टीसारखं ऐका. अडलं तरी पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या.

"पण पेपर इंग्रजीतच असतो ना?" त्याच्या आईने विचारलं. असतो. म्हणून गोष्ट सांगून झाली की तेच उदाहरण इंग्रजीत मोठ्याने वाचून घ्यावं, आणि 'बोथ' नि 'ओन्ली' दिसले की खाली रेघ मारायला लावावी.