नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांत कधी सोडायची?

प्रश्न (भोर तालुक्यातील एक ताई): घरी 14 गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गाडीवाल्याकडून महिन्याची 40 गिरिराज पिल्ले घेतली आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली. चार दिवसांत सहा मेली. चार पिल्लांची डोकी सोलली आहेत. काही पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते. दुकानदाराने अँटिबायोटिकची पूड आणि टॉनिक दिले, डोस दुप्पट टाका म्हणाला. काय करावे?

उत्तर: ताई, आधी पिल्ले वेगळी काढा, मग पुढचे वाचा. ती पूड पाण्यात टाकू नका. दुप्पट तर नाहीच नाही.

तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र आली आहेत. डोकी सोलणे हे कोंबड्यांचे काम. नवा पक्षी दिसला की त्या मानेमागे टोचतात, आणि एकदा लाल दिसले की बाकीच्याही तिथेच टोचत राहतात. मी पाहिले आहे ते असे की कोंबडा क्वचितच त्रास देतो. कळपात जी कोंबडी सगळ्यांचा मार खाते, तीच पिल्लांवर सर्वांत जास्त तुटून पडते. दुसरे दुखणे बहुधा रक्ती हगवण. मोठ्या कोंबड्यांना ती अंगवळणी पडलेली असते, पण त्यांच्या विष्ठेतून रोगबीज पडत राहते. पाण्याच्या भांड्याखालचे ओले तूस मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर रोगाचे घर तिथेच आहे. ते तूस काढून लांब टाका, कोरडे भरा. फिनाइलने हे बीज मरत नाही, कोरडेपणाने मरते.

हा रोग जिवाणूंचा नाही, म्हणून अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. ताजी विष्ठा घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. तिथे बहुधा अँप्रोलियम देतील. लेबलवर लिहिले आहे तेवढेच पाण्यात घाला. ते औषध रोगबीजाला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही. डोस जास्त झाला की पिल्लालाही ते कमी पडू शकते, मग मान मागे टाकून पिल्लू पडते आणि दुकानदार तिसरी बाटली देतो. त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक पाजले तर औषध वाया जाते. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर. पुडीवर कोलिस्टिन या अँटिबायोटिकचे नाव असेल तर ती परत करा. खाद्यासाठी पाळलेल्या पक्षी-जनावरांत त्यावर 2019 पासून बंदी आहे. औषधाचे पाणी अंड्यावरच्या कोंबड्यांना पिऊ देऊ नका, ती अंडी तुमच्याच घरात खाल्ली जातात.

सोललेली डोकी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा, पिल्लू डालग्याखाली दाणापाण्यासह एकटे ठेवा. जखमेवर पिसे येईपर्यंत बाहेर काढायचे नाही.

आता वेळेचे. "महिन्याची झाली, सोडा" हे गाडीवाल्याचे गणित आहे. त्याला पिंजरा रिकामा करायचा असतो. दहा आठवड्यांच्या आत मिसळू नका. "सगळ्या लशी झाल्या" म्हणाला तर कोणती, कोणत्या तारखेला, हे विचारा. मॅरेक्स पहिल्या दिवशी, लासोटा (हीही मानमोडीचीच लस) पहिल्या आठवड्यात, गंबोरो दुसऱ्या आठवड्यात, लासोटा पुन्हा चौथ्यात, देवी सहाव्यात, आणि मानमोडीची आर-टू-बी आठव्यात. आर-टू-बी महिन्याच्या पिल्लाला टोचू नका, ती लस कोवळ्या पिल्लाला झेपत नाही. बर्फाशिवाय पिशवीत आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

मिसळण्याआधी तीन आठवडे मध्ये जाळी हवी. दिसले पाहिजे, पण चोच पोचता कामा नये. दाणापाणी आधी जुन्यांचे करा, मग हात-पाय धुवून नव्यांचे. सोडताना सगळी पिल्ले एकदम, मोकळ्या अंगणात, दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा. कोंबडी अडकेल आणि पिल्लू निसटेल एवढी खिडकी ठेवा. भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते, त्याने पिल्लांची मूत्रपिंडे जातात. सगळ्यांना ग्रोवर (वाढत्या पक्ष्यांचे खाद्य) द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. कोंबड्या लागेल तेवढा खातात.

पण माझे ऐकाल तर पुढच्या वेळी महिन्याची पिल्ले घेऊच नका. घरात खुडूक कोंबडी असेल ना? ती दोन-तीन आठवडे बसलेली असताना एक दिवसाची, मॅरेक्स दिलेली दहा-बारा पिल्ले आणा. अंधार पडल्यावर तिच्याखालची अंडी हळूच काढा आणि पिल्ले एकेक करून पोटाखाली सरकवा. दिवसा करू नका, ती ओळखते. पहाटे उठून बघा. पिल्ले पंखातून डोके बाहेर काढत असतील आणि ती घुमत असेल तर काम झाले. टोचत असेल तर लगेच काढून दिव्याखाली घ्या, पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब लागते. गावठी कोंबडी परकी पिल्ले घेत नाही, हे दुकानदार सांगतात कारण त्यांना ब्रूडर विकायचा असतो. ती घेते, आणि पिल्लांना टोचायला आलेल्या कोंबडीला स्वतः हुसकावते. पहिला महिना मायलेकरांना वेगळ्या खुराड्यात ठेवा. पुढे पिल्ले आईच्या मागे कळपात शिरतात, आई राखते म्हणून इथे दहा आठवडे थांबावे लागत नाही. लशी मात्र वर सांगितल्या त्याच आणि त्याच वेळी.

योजनेचे विचारले नाही, तरी सांगतो. 50 टक्के अनुदानावर तलंगांचा, म्हणजे तरुण पक्ष्यांचा, गट (25 माद्या, 3 नर) मिळतो. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. त्या तलंगाही आणल्या दिवशीच खुराड्यात सोडू नका, जाळी तिथेही लागते.