कर्ज काढून कलाशिक्षण घ्यावे का?

प्रश्न : मुलीला बारावीनंतर बीएफए (ललित कलेची पदवी) करायचे आहे. पुण्यातल्या एका खासगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला 2 लाख रुपये असून ते सारे कर्जातूनच भागवावे लागेल. नातेवाईक म्हणतात, कर्ज काढायचेच तर इंजिनिअरिंगसाठी काढा. काय करावे?
— एक पालक, धनकवडी

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे तूर्त बाजूला ठेवू, इंजिनिअर होऊनही हप्ते थकवणारी मुले बँकांना नवी नाहीत. आधी रक्कम पाहू.

चार वर्षांत 8 लाख उचलले आणि व्याजदर 10 टक्के धरला, तर शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या सवलतीत हप्ता नसला तरी व्याज चढतच राहते, आणि सरळव्याजानेही ते सुमारे 2 लाख 80 हजार होते. हे 10 लाख 80 हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 14,300 रुपये लागतील. मुदत पंधरा वर्षे केल्यास हप्ता 11,600 वर येतो, पण एकूण पावणेचार लाख जास्त जातात. शिवाय साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात.

उपयोजित कला घेतली तर जाहिरात संस्थेत किंवा डिझाइन स्टुडिओत पगाराची नोकरी मिळू शकते. चित्रकला किंवा शिल्पकलेत बहुतेकांची मिळकत सुटी-सुटी येते. बोधचिन्ह करून दिले, बिल पाठवले, पैसे तीन महिन्यांनी, असा तो व्यवहार असतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जातो, आणि तो चुकला की सहकर्जदार म्हणून तुमचीही पत घसरते.

तेव्हा मुलीला बीएफएला जरूर पाठवा, पण 8 लाखांचे कर्ज घेऊ नका. राज्याची कला प्रवेश परीक्षा देऊन शासकीय किंवा अनुदानित जागेसाठी प्रयत्न करा. (जागा पुण्यातच मिळाली तर वसतिगृहाचा खर्च वाचतो, हे थोडे नव्हे.) कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, ती ठरावीक संस्थांपुरतीच असल्याने महाविद्यालय यादीत आहे का, ते अर्जापूर्वी पाहा.

खासगीच घ्यावे लागले, तर निम्मे शुल्क घरातून भरून कर्ज 4 लाखांच्या आत ठेवा आणि व्याज पहिल्या महिन्यापासून फेडत चला. पहिल्या वर्षी एक लाखावर ते महिन्याला साडेआठशेच्या आत बसते. तेवढेही घरातून निघणार नसेल, तर एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा दिलेली बरी.