शाई मागे उमटते, कागद कुठला घेऊ?

प्रश्न : पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. बॉलपेनने बोटं भरून येतात म्हणून शाईपेन घेतलं, मीडियम निबचं. पण साध्या वहीत अक्षर फुटतं आणि पान उलटलं की मागे सगळं उमटलेलं, म्हणजे अर्धी वही वायाच. दुकानदार म्हणतो जास्त जीएसएमचा कागद घ्या, तो परवडत नाही. रोज पंधरा-वीस पानं लिहायची तर काय घ्यावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दुकानदाराचं अर्धंच ऐका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. जपानचा तोमोए रिव्हर नावाचा कागद 52 जीएसएममध्येही मिळतो, इतका पातळ की मागचं अक्षर पुढून दिसतं, तरी त्यावर शाई फुटत नाही. उलट चांगला जाडजूड कागदही कधी कधी शाई नुसता पितो. खरा खेळ सायझिंगचा. कागद बनवताना स्टार्च वगैरे वापरून त्याची पाणी शोषायची सवय कमी करतात, मग शाई वरच राहून वाळते. हे कमी पडलं की शाई तंतूंमधून पळत सुटते, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा, अक्षराच्या कडेला बारीक मुळं फुटलेली दिसतील.

आता हे काही कव्हरवर छापत नाहीत, त्यामुळे आपलं पेन खिशात घालूनच अप्पा बळवंत चौकात जायचं. सुटा कागद मागा, दोन ओळी लिहा, एकाच जागी आडव्या-उभ्या रेघा मारा, निब दोन-तीन सेकंद टेकवून ठेवा, आणि मागची बाजू बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे! वही असेल तर आधी एकच घ्या, पटली की लगेच त्याच लॉटमधल्या डझनभर उचला, कारण त्याच कंपनीच्या पुढच्या लॉटला कागद बदललेला असू शकतो.

माझं मत विचाराल तर वहीच्या नादी लागूच नका. 75 जीएसएमच्या कॉपियर पेपरची 500 पानांची रिम घ्या, खाली जाड रेघांचा कागद ठेवून लिहा, आणि विषय संपला की झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घ्या. उसाच्या चिपाडाचा कागद मिळाला तर तोही ट्राय करा, शाईला बऱ्याचदा बरा निघतो. पावसाळ्यात रिम उघडी टाकू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आणि पान मधेच शाई धरत नसेल तर पेनाला शिव्या घालण्याआधी हाताखाली एक कागद घ्या, तळहाताचा तेलकटपणा लागलेला असतो.

निब मात्र बदलाच, फाइन घ्या. शाई कमी उतरते, त्यामुळे आहे त्या वह्यासुद्धा बहुतेक दोन्ही बाजूंनी चालून जातील. आणि हो, परीक्षेत कुठलं पेन चालतं ते सूचनांमध्ये आत्ताच वाचून घ्या. बॉलपेनच लागणार असेल तर शेवटचा महिना सराव त्यानेच करावा लागेल, बोटं दुखली तरी.