डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन चालू असेल तर रक्तात व्हीईजीएफ तपासून काही कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की वडिलांना शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय, अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन (म्हणजे व्हीईजीएफ ह्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनला अडवणारी) चालू आहेत, आणि एका पॅकेजमध्ये व्हीईजीएफची रक्ततपासणी दिसली तर ती करून इंजेक्शन लागू पडतंय का आणि कुठं कॅन्सर वगैरे आहे का ते कळेल का. शिवाय मावशींच्या ब्रेस्टच्या बायोप्सी रिपोर्टवर हर-टू २+ लिहिलंय ते पण ह्यातलंच का. मी सोलापुरातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, बायोकेमिस्ट्री शिकलोय, डॉक्टर नाही. पण ह्या दोन्ही गोष्टी रोजच्या कामातल्या आहेत म्हणून सरळ सांगतो, वडिलांची ती रक्ताची टेस्ट करू नका, आणि मावशींची पुढची टेस्ट मात्र अजिबात टाळू नका.

आता कारण. व्हीईजीएफ हा एक ग्रोथ फॅक्टर आहे. ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीनं सोडलेलं छोटं प्रोटीन, ते दुसऱ्या पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि तिला वाढ, विभागणी कर, जगून रहा असा निरोप देतं. रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी आणि स्टॅनली कोहेन ह्यांना ह्याच शोधासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. कोहेननी उंदराच्या लाळग्रंथीतला अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, तिथून ईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर सापडला. औषध करायचं तर एकतर ते प्रोटीन मध्येच पकडायचं, नाहीतर रिसेप्टर बंद करायचा. म्हणजे ग्रोथ फॅक्टरला टार्गेट करणं जमतं, पण टार्गेट आहे म्हणून त्याची रक्ततपासणी कामाचीच असेल असं नाही, इथंच लोकांचा घोटाळा होतो, आणि पॅकेज विकणारे हे समजावून सांगत नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

वडिलांचं बघा. शुगरनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तिथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, मग त्या व्हीईजीएफ सोडतात म्हणजे नवीन रक्तवाहिन्या आणा म्हणून हाक मारतात, आणि व्हीईजीएफमुळं आहेत त्या वाहिन्या पाझरायला लागतात, नवीन येतात त्याही घाईत टाकलेल्या कच्च्या पाइपलाइनीसारख्या गळक्याच. पाणी साठून सूज येते. ही सगळी गोष्ट डोळ्याच्या आत घडते, म्हणून औषधही डोळ्यातच टोचतात, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅब. ह्यातलं शेवटचं मुळात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, डोळ्यासाठी कंपनीनं त्याचं लायसन्स घेतलेलं नव्हतं, पण एका व्हायलमधून बरेच छोटे डोस निघतात म्हणून स्वस्त पडतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये डोळ्यासाठी म्हणून ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यामुळं डॉक्टरांनी हे सुचवलं तर "कॅन्सरचं औषध का" म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त डोस स्टराइल पद्धतीनं भरलाय ना ते विचारा.

आणि रक्तातलं व्हीईजीएफ? ते जखम भरताना वाढतं, सूज असली की वाढतं, कॅन्सरमध्येही वाढू शकतं, म्हणजे आकडा जास्त आला तरी कशामुळं ते सांगताच येत नाही. त्यात अजून एक लॅबमधली गोष्ट, प्लेटलेटमध्ये व्हीईजीएफ भरलेलं असतं आणि रक्त गोठताना ते बाहेर पडतं, त्यामुळं एकाच माणसाचं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये गोठवून सिरम काढलं तर आकडा मोठा येतो आणि ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून प्लाझ्मा काढला तर लहान. उन्हाळ्यात मंगळवेढा अक्कलकोटकडनं सॅम्पल गरम होत येणार, त्यात कोणती ट्यूब वापरली ते रिपोर्टवर नीट लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काय अर्थ राहतो सांगा. बेव्हॅसिझुमॅब कुणाला लागू पडेल हे रक्तातल्या व्हीईजीएफवरून ठरवायचा प्रयत्न कॅन्सरमध्येही खूप झाला, तरी तशी टेस्ट रोजच्या वापरात आली नाही. इंजेक्शन लागू पडतंय का ते ओसीटी स्कॅनवर पडद्याची जाडी बघून आणि नजरेचा तक्ता वाचून कळतं, तिकडं पैसे ठेवा.

सगळे ग्रोथ फॅक्टर असे निरुपयोगी नसतात हं. आयजीएफ-१ मुख्यतः लिव्हरमधून रक्तात येतं आणि दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहतं, म्हणून हात, पाय, जबडा मोठा होत जाणाऱ्या ॲक्रोमेगालीत तेच तपासतात, ग्रोथ हार्मोन तासातासाला बदलतो. गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) पीएलजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर रक्तात सोडते, बीपी वाढणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात ते कमी होतं आणि त्याला अडवणारं एसएफएलटी-१ वाढतं, दोन्हींचं गुणोत्तर ३८ किंवा खाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होण्याची शक्यता फार कमी. इथं प्रोटीन जिथं तपासतो तिथंच ते खरोखर येतं, म्हणून टेस्ट चालते.

मावशींचं वेगळं. हर-टू हा ग्रोथ फॅक्टर नाही, रिसेप्टर आहे, आणि त्याला स्वतःचा असा ग्रोथ फॅक्टर सापडलेलाच नाही, तो शेजारच्या रिसेप्टरबरोबर जोडी करून काम करतो. गाठीच्या पेशींवर तो फार जास्त असला तर ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूला अडवणारं औषध लागू पडतं, हे १९९८ पासून वापरात आहे आणि आता भारतात बनलेली बायोसिमिलर, म्हणजे जवळजवळ तशीच औषधं, आहेत. तपास गाठीच्या तुकड्यावरच करायचा. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, पुढं फिश नावाची टेस्ट करून जीनच्या कॉप्या मोजाव्या लागतात. २+ बघून "पॉझिटिव्ह आहे" किंवा "नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. फिश निगेटिव्ह आली तरी रिपोर्ट जपून ठेवा, आजार पसरलेला असेल तर अशा हर-टू लो (म्हणजे हर-टू थोडंच असलेल्या) पेशंटसाठीही २०२२ पासून ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन हा पर्याय आलाय, महाग आहे. आणि ट्रॅस्टुझुमॅब सुरू करायचं ठरलं तर आधी हृदयाचा टूडी इको करतात आणि मधे मधे परत करतात, तो चुकवू नका.

फिशसाठी परत बायोप्सी लागतेच असं नाही. जिथं बायोप्सी तपासली तिथून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, अर्ज दिला की देतात, आणि डॉक्टर सांगतील त्या लॅबला द्या, बार्शीला किंवा पुण्याला दाखवायला गेलात तरी सोबत न्या. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. वडिलांसाठी एवढं लक्षात ठेवा, मागच्या काही महिन्यांत पॅरालिसिस किंवा हार्ट अटॅक झाला असेल तर इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगा, आणि इंजेक्शननंतर डोळा दुखायला लागला, लाल होऊन नजर कमी झाली तर रविवार असो की गड्ड्याची यात्रा असो, त्याच दिवशी दाखवायला न्या.