डाळिंब काढलं, आता कॉफी लावू का?

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की सोलापुरात बसून मी अकरा वर्षं कॉफी भाजतोय, तर पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस पडला. तेवढा खरा पाऊस आपल्याकडं पडत असता तर पहिल्या पत्राचं उत्तर वेगळं आलं असतं. सगळी पत्रं घेता येत नाहीत, चार घेतलीत.

अण्णा नमस्कार. दोन एकर डाळिंब होतं, तेल्या रोगानं खाल्लं, राहिलेलं मर रोगानं गेलं, शेवटी जेसीबी लावून बाग काढली. आता एक नर्सरीवाला मागं लागलाय, कॉफी लावा म्हणतो, ठिबक आहेच तुमचं, सेंद्रिय करा, पाच वर्षात कर्ज फिटतंय बघा. मोबाईलवर व्हिडिओ पण बघितले. लावू का? – एक शेतकरी, मोहोळ

मालक, नका लावू. लै विचार करून सांगतोय, कारण हा शहाणपणा मी स्वतःचे पैसे घालून विकत घेतलाय. दक्षिण सोलापुरात आमचं थोडं रान आहे, तिथं मी हौसेनं चाळीस रोपं लावली होती, ठिबक केलं, वर हिरवी जाळी बांधली, शेणखत घातलं. दिवाळीपर्यंत झकास होती. मग पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, आणि मे महिन्यात गरम वारं सुटल्यावर सदतीस रोपं पापडासारखी वाळली. तीन वाचली ती आंब्याखाली, न्हाणीच्या पाण्याजवळची. त्यांनी चौथ्या वर्षी ओंजळभर फळं दिली, ती नातवंडांनी बोरं समजून खाल्ली.

पाणी कमी पडलं असं नाही हो. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला १००० ते १५०० मीटर उंची लागते, १५ ते २५ अंश हवा आणि वर्षाला १६०० मिमीच्या पुढं पाऊस. रोबस्टा जरा दणकट, तिला ५०० ते १००० मीटर चालतं, पण तिलाही ३० अंशाच्या आत बरं वाटतं. आपलं सोलापूर ५०० मीटरच्याही खालीच, पाऊस साधारण ५०० ते ५५० मिमी आणि उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जाऊन बसतो. ठिबकनं मुळाला पाणी मिळतं, हवेतला ओलावा कुठनं आणणार? आणि आपल्या जमिनीत चुनखड. डाळिंबाला ती चालून जाते, कॉफीला मात्र आंबट जमीन लागते, सामू (पीएच) ६ ते ६.५, आपला ८ च्या आसपास. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, माझ्या रोपांचं पिवळेपण तेच होतं.

शिवाय कॉफीला मार्च-एप्रिलमध्ये एक पाऊस लागतो, तिकडं त्याला फुलांचा पाऊस म्हणतात. तो पडला की आठ-दहा दिवसात सगळी बाग एकदम पांढरी होते, वास मोगऱ्यासारखा. तो आला नाही तर मोठे बागायतदार तुषार लावून पाणी मारतात, पण ते तिथल्या हवेत जमतं. महाराष्ट्रात कॉफी बघायचीच असेल तर चिखलदऱ्याला जा, ११०० मीटरवर आहे, इंग्रजांच्या काळापासून तिथं झाडं आहेत. तुमच्या रानासाठी केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात एक चक्कर मारा, माती तपासून घ्या, दोन वर्षं ज्वारी-तूर करून जमिनीला विश्रांती द्या. नर्सरीवाल्याला एवढंच विचारा की सोलापूर जिल्ह्यातली चार वर्षांची फळावर आलेली बाग दाखव, व्हिडिओ नको, बाग दाखव. तो परत फोन करणार नाही.

माझा घरी शेंगाचटणीचा छोटा धंदा आहे. ओळखीच्या कानडी मावशींची चिकमगळूरला पाच एकर बाग आहे, त्या हिरवं, म्हणजे न भाजलेलं बी द्यायला तयार आहेत. शेंगदाणे भाजतो त्याच कढईत कॉफी भाजली तर चालेल का? हिशोब बसतो का? – जुळे सोलापूरहून एक ताई

ताई, तुमचा मार्ग बरोबर आहे. झाड त्यांच्या डोंगरात आणि भट्टी आपल्या गावात. फक्त कढई वेगळी, खोलीही वेगळी. कॉफी वास ओढून घेते आणि तुमच्या चटणीत लसूण, सकाळी फिल्टर कॉफीला लसणाचा वास आला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

सुरुवातीला जाड लोखंडी कढई, एका वेळी पाव किलो, हात थांबवायचा नाही. आधी गवतासारखा वास येतो, मग भाजक्या भाकरीसारखा, आणि १९५ अंशाच्या आसपास लाह्या फुटल्यासारखं तडतड सुरू होतं, हा पहिला तडका. तो संपला की मिनिट-दीड मिनिटात उतरवलं तर मध्यम भाजणी. पुढं नेलं तर दुसरा तडका येतो, आवाज बारीक, बियावर तेल दिसायला लागतं, धूरही खूप. उतरवल्या उतरवल्या गार करायचं, नाहीतर आतल्या आत भाजतच राहतं. मी चाळणीत टाकून टेबलफॅनसमोर धरतो आणि फोलपटं सुपानं पाखडतो, मशीन घेतलं तरी सूप काही सुटलं नाही. लगेच पिऊ नका, चार-पाच दिवस गॅस निघू द्या, आणि पाकीट हवा बाहेर सोडणारं पण आत न घेणारं झडपेचं घ्या, साध्या पाकिटाचा फुगा होतो.

हिशोबात सगळे फसतात ते घटीत. बियात १०-१२ टक्के पाणी असतं ते उडतं, वर थोडं जळतं, किलोमागं दीडशे ते दोनशे ग्रॅम जातं. समजा बी ६०० रुपयांनी पडलं आणि भाजून ८३० ग्रॅम उरलं, तर भाजलेली किलोला ७२३ ला पडली, अजून गॅस, पाकीट, भाडं, तुमची मजुरी, करपलेला एखादा घाणा धरलाच नाही. माझे पहिल्या वर्षी नेमके तिथंच पैसे गेले. आणि बी वर्षाचं एकदम भरू नका, आपल्या एप्रिल-मेच्या खोलीत ते आणखी सुकतं आणि भाजताना पटकन करपतं. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधीच तिकडं विजापूर-हुबळीमार्गे एकदा जाऊन मावशींकडं दोन दिवस राहून या, लाल फळ तोडतात की हिरवं-पिवळं सगळं ओरबाडतात ते डोळ्यानं बघा. चव तिथंच ठरते, आपण फक्त ती बिघडवू शकतो.

अन्न परवान्याचं म्हणाल तर वर्षाची उलाढाल छोट्या धंद्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर नुसती नोंदणी पुरते. तुमची चटणीची असेल, तर त्यातच कॉफी वाढवून घ्या.

आमचा कॉफीचा शेतकरी शपथेवर सांगतो की तो काहीच फवारत नाही. मग पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ छापलं तर कोण विचारणार? – एक तरुण, अक्कलकोट रोड

विचारणारे विचारतील, पण आधी हे बघा, काहीच न फवारणं म्हणजे सेंद्रिय नव्हे. अरेबिकाला पांढरा खोडकिडा लागतो, आपल्या डाळिंबाच्या खोडाला भोकं पाडणारा असतो ना, तसलंच दुखणं. भुंगा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-डिसेंबरात अंडी घालायला निघतो, ऊन लागलेलं खोड त्याला आवडतं. म्हणून सेंद्रियवाला सावलीची झाडं राखतो, खोडाची सैल साल घासून काढतो, चुन्याचं पाणी मारतो, किडकं झाड वेळेत उपटून जाळतो. जो यातलं काहीच करत नाही तो सेंद्रिय नाही, तो आळशी आहे.

आता कागद. एनपीओपी (यात त्रयस्थ संस्था तपासते) नाहीतर पीजीएस-इंडिया (यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांना तपासतात), दोन्हीपैकी एक प्रमाणपत्र लागतं, आणि कॉफीसारख्या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पिकाला सेंद्रियवर येण्याची तीन वर्षं धरतात. स्वतः पिकवून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सूट आहे, पण ती त्याला, विकत घेऊन भाजणाऱ्या तुम्हा-आम्हाला नाही. त्याचं प्रमाणपत्र असलं तरी भाजणाऱ्याची जागा वेगळी तपासतात. मी आजही पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहीत नाही, गाव, तोडणीचा महिना आणि भाजल्याची तारीख लिहितो. तेवढ्यावर खपतं.

चिकोरी म्हणजे भेसळ का हो? सासूबाई तिच्याशिवाय कॉफी पीत नाहीत. – पूर्व भागातून एक सून

नाही. ते एक मूळ असतं, भाजून दळतात, कॉफीला रंग आणि दाटपणा येतो. कायद्यानं मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. आकडा छापलेला नसेल तर ते पाकीट परत ठेवा. सासूबाईंना आधी ७०-३० द्या, म्हणजे सत्तर भाग कॉफी, तीस चिकोरी, मग गुपचूप कॉफी वाढवत ८०-२० वर न्या, आठवडाभर काही बोलल्या नाहीत तर समजा जमलं.